आडनाव सोडवून आणिले त्याची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. कामोठे प्रांती, खाडीच्या वाऱ्यास जवळ आणि नळाच्या पाण्यास दूर, मयूरेश्वर नामे सात मजली सोसायटी आहे, तेथील समस्त सदनिकाधारक, भाडेकरी, पार्किंगवर हक्क सांगणारे आणि लिफ्टच्या आरशात भांग पाडणारे, या सर्वांस विदित व्हावे की, पूर्वी थोरथोर राजे किल्ले हरले आणि पुन्हा घेतले, त्याच्या बखरी जाहल्या. परंतु चालताबोलता मनुष्य आपले आडनाव हरला, ते चार वर्षे परक्याच्या अमलात राहिले, आणि मग त्याने ते भर सभेत झुंजून परत आणिले, ऐसा प्रसंग या मुलखात दुसरा ऐकिवात नाही. सबब जे घडले ते कोणाची भीड न धरिता येथे लिहिले आहे. ज्यांस राग येईल त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर लिहावा, तेथे तसेही कोणी वाचीत नाही.

राजमान्य राजेश्री नंदकुमार हौसेराव फडतरे, मूळ वतन सातारा प्रांत, हल्ली चाकरी बेलापुरी एका खासगी कचेरीत हिशेबनीस, देहाने धिप्पाड, मिशा भरघोस, पाहणाऱ्यास वाटावे की हे गृहस्थ एका हाकेने रस्ता मोकळा करितील. परंतु परमेश्वराने देह देताना जिव्हेचा सरंजाम दिला नाही. चार माणसे समोर आली की घशास कोरड पडे, तळहात ओले होत, आणि मनी योजिलेले वाक्य ओठापर्यंत येऊन माघारी फिरे. उपाहारगृहात मसाला डोसा मागवावा आणि उत्तप्पा यावा, तर उत्तप्पाच खाऊन, वर त्याची तारीफ करून उठावे. रिक्षावाला गल्ली चुकवून पुढे गेला तर त्यास न टोकता पुढल्या नाक्यावर उतरावे आणि जणू तेथेच काम होते ऐसा चेहरा करून पायी मागे यावे. ऐसा यांचा दस्तुर.

आता आडनाव कैसे गेले त्याचा मजकूर. फडतऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरची सदनिका कोलते नामे इसमाकडून खरेदी केली. हे कोलते बहुतकाळ घरास कुलूप घालून नाशकास राहत, त्यांचे मुख सोसायटीत कोणास धड आठवत नव्हते. आठवत होती ती इतकीच गोष्ट की त्यांनी सोसायटीची शिडी नेली आणि परत केली नाही. व्यवहाराचे कागद ज्या सेक्रेटरींनी पाहिले ते बदली होऊन पुण्यास गेले, नवी कमिटी आली, आणि खालच्या फलकावर कोलते ही अक्षरे तैशीच राहिली. ऐशा समयी फडतरे डोईवर गादी घेऊन टेम्पोतून उतरले. फाटकाशी चेअरमन सितारामशेठ गोवारी, या भूमीचे मूळचे धनी, गळ्यात गोफ, पायी पांढरे बूट, उभे होते. त्यांनी एका दमात दोन सवाल टाकिले.

"कोल्ते ना? तिसरा माला?"

फडतरे गादीखालून म्हणाले, "हो."

हे उत्तर दुसऱ्या सवालाचे होते. परंतु ते पहिल्यासही लागू झाले, आणि त्याच क्षणी, एक तोफ न डागता, आडनाव पडले. फडतऱ्यांच्या ध्यानी आले नाही ऐसे नाही. त्यांनी विचार केला की, आता डोईवर गादी आहे, उद्या सावकाश सांगू. उद्या गेले तो वॉचमन गोटीराम याने कोलतेसाहेब म्हणून सलाम ठोकिला. परवा ग्रुपवर 'कोलते परिवाराचे स्वागत' ऐसे फुलांसकट जाहीर जाहले, आणि यांनी त्यास हात जोडल्याचे चित्र धाडिले. मग आठवडा गेला, आणि आता सांगावे तर लोक म्हणतील आठ दिवस काय तोंड शिवले होते. मग वर्ष गेले, आणि आता सांगावे तर लोक म्हणतील याच्या डोक्यावर परिणाम आहे. भिडस्ताची भीड रोज थोडी वाढते आणि तो रोज म्हणतो की आजच्यापुरती. येणेप्रमाणे फडतरे नित्य घरात फडतरे आणि लिफ्टपासून खाली कोलते, ऐसा दुहेरी कारभार करू लागले.

त्यात शिडीचे बालंट आले. सर्वसाधारण सभेत सितारामशेठ सर्वांदेखत बोलिले की, "कोल्ते, शिडी कवा देताय? दिवाली आली, लायटिंग करायची हाय." सर्वांच्या नजरा वळल्या. येथे शूराने उठून सांगितले असते की, मी तो नव्हे. फडतऱ्यांनी मान खाली घातली, दुसरे दिवशी कळंबोलीस जाऊन नवी कोरी ॲल्युमिनियमची शिडी विकत घेतली, आणि खांद्यावर वाहून सोसायटीत जमा केली. कमिटीने एकमुखाने ठराव केला की, कोलते यांची वर्तणूक सुधारली आहे.

फडतऱ्यांच्या पत्नी, खासा कबिला जयमालाबाई, यांनी मात्र एकवार तलवार उपसली होती. चौथ्या मजल्यावरील विजयमालाबाई यांचे घरी हळदीकुंकू होते, तेथे 'कोलते वहिनी, बसा' ऐसे ऐकताच त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मी फडतरे." मग विजयमालाबाईंनी कौतुकाने मान डोलाविली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे हो तुमचं. हल्ली बऱ्याच जणी माहेरचंच लावतात." बाकीच्या बायकांनीही माना डोलाविल्या, दोघींनी तर आपलेही माहेरचे आडनाव किती भारदस्त होते ते सांगितले. झाले! फडतरे हे वहिनींचे माहेर ठरले. जयमालाबाई वाण घेऊन घरी आल्या आणि त्यांनी फर्मान काढिले की, नाव तुमचं आहे, गमावलंय तुम्ही, तुम्हीच सोडवून आणा, मी यात पुन्हा पडणार नाही.

ऐसे चालले असता ज्येष्ठमासी दहावीचा निकाल लागला आणि कन्या चिरंजीव गीतांजली एक्याण्णव टक्के मिळवून पास जाहली. सोसायटीचा दस्तुर की गुणवंतांचा रविवारी टेरेसवर गौरव करावा आणि त्याआधी फाटकावर भला थोर फ्लेक्स लावावा. गुणपत्रिका पाहण्याची तोशीस कमिटी घेत नसे, टक्के तोंडी विचारीत आणि आडनाव ठाऊकच असे. सोमवारी फ्लेक्स लागला. वर चेअरमनांची छबी गुणवंतांहून मोठी, आणि खाली गीतांजलीचे चित्र, त्याखाली सोनेरी अक्षरे: कु. गीतांजली कोलते.

पोर शाळेतून दाखला घेऊन येत होती, तिने ते वाचिले. घरी आली, हातचा दाखला ठेविला नाही, पाणी प्यायली नाही, थेट बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, रात्र रात्र जागून अभ्यास मी केला आणि मार्क कोलतेंच्या मुलीला? रविवारी मला कोलते म्हणून बोलावलं तर मी उठणार नाही. खुर्चीतच बसून राहीन. मग सगळ्यांसमोर तमाशा होईल, होऊ दे."

"अगं, रविवारच्या आत सांगतो मी त्यांना."

"चार वर्षं हेच ऐकतेय. मला ना, लाज वाटते तुमची."

हे शेवटले वाक्य बोलून ती आपल्या खोलीत गेली. फडतरे जेथे होते तेथेच बसून राहिले. त्यांस आजवर पुष्कळ भये वाटली होती, साहेबाचे, सभेचे, वेटराचे. परंतु पोटची पोर आपल्यास लाजते, हे कळणे त्या सर्वांहून वाईट होते. ते बहुत रडवेले जाहले आणि मग त्यांनी मोहिमेचा निश्चय केला.

पहिली चाल थेट राजधानीवर. मंगळवारी प्रातःकाळी पाण्याचा टँकर आला होता, सितारामशेठ जातीने नळीचा बंदोबस्त पाहत होते, तेथे फडतरे जाऊन भिडले आणि म्हणाले की, चेअरमनसाहेब, एक बोलायचं होतं. सितारामशेठ प्रसन्न मुखाने वळून म्हणाले, "बोला ना कोल्ते." ते नाव कानी पडताच फौजेची दाणादाण उडाली, योजिलेली वाक्ये वाट फुटेल तिकडे पळाली, आणि फडतरे टँकरकडे पाहत म्हणाले, "पाणी छान येतंय हल्ली." टँकर मागविला होता तो पाणी येत नव्हते म्हणूनच. सितारामशेठांनी हा टोमणा मानून त्यांस खाली वर पाहिले, आणि यांनी माघार घेतली.

मग मसलत फिरविली की, बलाढ्य गनिमावर एकदम न जाता आधी लहान ठाणी घ्यावी. नाक्यावर रंगूबाई भाजी घेऊन बसे. बुधवारी फडतरे तिजपुढे गेले, इकडेतिकडे पाहिले, छातीत वारा भरिला, आणि मेथीची जुडी हाती धरून म्हणाले, "मी फडतरे."

रंगूबाई म्हणाली, "बरं हाय. मंग एक देऊ का दोन?"

तिला काय, फडतरे असोत की आणखी कोणी, मेथी सुकत चालली होती. परंतु यांस जो हर्ष जाहला तो सांगता पुरवत नाही. चार वर्षांत कामोठ्यात घराबाहेर प्रथमच त्यांनी आपले नाव उच्चारिले होते आणि आभाळ कोसळले नव्हते. ते दोन जुड्या घेऊन, विजयी मुद्रेने, जिन्यानेच वर गेले. जयमालाबाईंनी विचारिले की घरात काल आणलेली मेथी असता ही कशास, त्यावर हे स्वतःच जुड्या निवडावयास बसले.

गुरुवारी चौथ्या मजल्यावरचा निखिल, विजयमालाबाईंचा चिरंजीव, लिफ्टमध्ये भेटला. त्यास यांनी आडून विचारिले की, माणसांत बोलायची भीती जावी म्हणून काही क्लास असतो काय. निखिल हा ऐशा कामी तत्पर. त्याने उभ्या उभ्या फोनवर बोटे फिरविली आणि सांगितले, "टेन्शन नका घेऊ काका, शनिवारी खारघरला एक दिवसाचं शिबिर आहे, 'बोला बिनधास्त'. तुमचं नाव टाकून बुक केलं पण." आता त्याने कोणते नाव टाकिले ते वाचणाऱ्यांनी ओळखिलेच असेल. फडतऱ्यांनी ओळखिले ते शनिवारी, खारघरच्या मंगल कार्यालयाच्या दारात, जेव्हा एका हसऱ्या मुलीने त्यांच्या छातीवर 'कोलते' ऐसा बिल्ला टाचिला.

शिबिराचे गुरू प्रसादसर म्हणून होते, जाकीट निळे, गालापाशी माइक, दात फार. त्यांनी हुकूम केला की, सर्वांनी कंबरेवर हात ठेवून, पाय फाकवून उभे राहावे, तेणेकरून धैर्य अंगात चढते. सर्व उभे राहिले. फडतऱ्यांच्या अंगात पाठीची उसण चढली. मग हुकूम जाहला की, शेजाऱ्याच्या दोन भुवयांच्या मधोमध रोखून पाहत आपली ओळख द्यावी. शेजारी नावडे गावचे एक औषधविक्रेते होते, तेही तितकेच घाबरलेले. फडतऱ्यांनी त्यांच्या भुवयांत नजर रोविली आणि प्राण एकवटून म्हणाले, "मी नंदकुमार फडतरे." औषधविक्रेत्यांनी बिल्ला पाहिला, मुख पाहिले, पुन्हा बिल्ला पाहिला, आणि हळूच विचारिले, "मग हे कोलते?" फडतरे म्हणाले, "ते आपलं टोपणनाव."

दिवस कलता प्रसादसरांनी निर्वाणीचा डाव मांडिला. एकेकास मंचावर आणून ते ओरडत, "कोण आहात तुम्ही?" आणि त्या मनुष्याने आपले नाव गर्जून सांगावे, सभेने टाळ्या पिटाव्या. फडतऱ्यांची पाळी आली. प्रसादसर बिल्ला वाचून सभेकडे वळले आणि म्हणाले की यांना जरा जोर द्या, त्यासरशी अवघे कार्यालय टाळ्यांच्या ठेक्यात 'कोलते! कोलते!' ऐसा गजर करू लागले. "कोण आहात तुम्ही?" सरांनी डरकाळी फोडिली. फडतऱ्यांनी डोळे मिटले, मुठी वळल्या, आणि आयुष्यात प्रथमच, खणखणीत, बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाईल ऐसा आवाज त्यांच्या कंठातून निघाला.

"कोलते!"

टाळ्यांचा कडकडाट जाहला. सरांनी त्यांस मिठी मारिली आणि प्रशस्तिपत्र दिले, त्यात लिहिले होते की, श्री. कोलते हे यापुढे कोठेही न घाबरता आपली खरी ओळख सांगतील. हल्ली धैर्याचे ऐसे कारखाने ठायी ठायी निघाले आहेत, आणि त्यात मनुष्यास छाती पुढे काढणे शिकवितात, कोणाची छाती ते पाहत नाहीत.

ते पत्र घेऊन फडतरे घरी आले. जयमालाबाईंनी वाचिले आणि त्या पोट धरून हसल्या, हसता हसता डोळ्यांस पाणी आले, मग त्या नवऱ्यास वाढायला उठल्या. गीतांजलीने वाचिले, पण ती हसली नाही.

रविवारी सायंकाळी टेरेसवर मांडव पडला. लाल खुर्च्या, निळे कापड, समोशाचे खोके, आणि माइक, जो अधूनमधून किंचाळत होता. चेअरमनांनी आपल्या कारकिर्दीतील गटारकामाचा वृत्तांत प्रथम सांगितला, तो पुष्कळ वेळ चालला. फडतरे दुसऱ्या रांगेत, जयमालाबाई शेजारी, पोर पुढल्या रांगेत गुणवंतांत. दोन मुले जाऊन शाल नारळ घेऊन आली. मग सितारामशेठांनी गळा साफ केला आणि पुकारिले, "आता आपली गुनी पोर, कुमारी गीतांजली कोल्ते! टाल्या!"

टाळ्या जाहल्या आणि विरल्या. गीतांजली उठली नाही.

"गीतांजली कोल्ते!" पुन्हा हाक गेली. पोर ताठ बसून समोर पाहत होती. निखिल मागून म्हणाला, अगं जा ना. विजयमालाबाई कुजबुजल्या की, बरं नाही का हिला. कुजबूज सर्व टेरेसवर पसरली. फडतऱ्यांनी पाहिले की पोरीच्या मानेवर घाम आला आहे आणि तिने खुर्चीची कड घट्ट धरिली आहे. बोलिली होती तैसे ती करीत होती, आणि ते करणे तिला किती जड जात होते ते अवघ्या सभेत एका बापासच दिसले, कारण तैसा घाम त्याच्या मानेवर चार वर्षे येत होता.

मग फडतरे उठले. कंबरेवर हात नाही, भुवयांत नजर नाही, पाय कापत होते ते कापतच होते. खुर्च्यांच्या रांगेतून दोघांच्या पायांवर पाय देत, त्यांची माफी मागत, एका बाईंचा समोसा सांडीत, ते मंचापाशी पावले आणि त्यांनी सितारामशेठांच्या हातून माइक घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा धरिला. शेठांनी सोडिला नव्हता, सबब दोघांनी मिळूनच तो धरिलेला होता.

"मी कोलते नाही," फडतरे म्हणाले. माइक किंचाळला. ते थांबले आणि पुन्हा म्हणाले, "मी कोलते नाही. कधीच नव्हतो. मी फडतरे. नंदकुमार हौसेराव फडतरे. पहिल्या दिवशी तुम्ही दोन प्रश्न विचारले. मी तिसरा माळा एवढ्यालाच हो म्हटलं होतं."



"मंग चार वर्सं बोल्लात का नाय?" सितारामशेठांनी विचारिले.

"भीती वाटत होती."

"कोनाची?"

"सगळ्यांची. तुमची जास्त."

हे ऐकून शेठांसारखा मनुष्यही ओशाळला. त्यांस आठवले आणि ते दबल्या स्वरात म्हणाले, "आनि ती शिडी?" फडतरे म्हणाले, "ती मी विकत आणली." यावर कमिटी आपापल्या बुटांकडे पाहू लागली, आणि सर्वांच्या मनी एकदमच आले की, चार वर्षे एकाही माणसाने या गृहस्थास नाव विचारिले नव्हते, फक्त सांगितले होते. परंतु सोसायटीची लाज फार वेळ टिकत नाही. तिसऱ्या रांगेतून विजयमालाबाईंनी मोठ्याने विचारिले, "मग वहिनींचं माहेर कुठलं?" आणि जयमालाबाई उभ्या राहून म्हणाल्या, "निकम!" त्यासरशी हशा उसळला आणि ताण सुटला.

सितारामशेठांनी माइक परत घेतला, शाल झटकिली, आणि पूर्वीहून दुप्पट आवाजात पुकारिले, "कुमारी गीतांजली नंदकुमार फडतरे!" आता मात्र पोर उठली. टाळ्या ऐशा पडल्या की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. तिने शाल घेतली, नारळ घेतला, आणि मग शेठांनी रिवाजाप्रमाणे तिच्या हाती माइक दिला, की दोन सबद बोल पोरी.

पोरीने माइक मुखाशी नेला. आणि काहीच आले नाही. घरात बापास धारेवर धरणारी, वर्गात वाद जिंकणारी ती पोर, समोर खुर्च्या भरलेल्या पाहून लाकडासारखी उभी राहिली. कान लाल जाहले, तळहात तिने ओढणीस पुसले, नजर चपलांकडे गेली. सभेत कोणी खोकले. तिने वर पाहिले ते थेट बापाकडे, आणि त्या नजरेत सोमवारची लाज नव्हती, निव्वळ मदतीची याचना होती.

फडतरे मंचाखालीच उभे होते. ते सर्वांस ऐकू जाईल ऐशा स्वरात, माइकावाचून, म्हणाले, "सावकाश. काही घाई नाही. नाव सांग, बस झालं."

"मी," ती म्हणाली. "मी गीतांजली फडतरे." आणि माइक शेठांच्या हाती कोंबून, पायऱ्या उतरून, बापामागे जाऊन उभी राहिली.

भाषण इतकेच जाहले. येणेप्रमाणे मयूरेश्वर सोसायटीच्या टेरेसवर, ज्येष्ठमासी रविवारी, समोसे निवण्याआधी, परक्याच्या अमलात गेलेले आडनाव फत्ते होऊन स्वस्थानी आले. फलक बदलावयाचा ठराव त्याच सभेत मंजूर जाहला. कोणा शंकेखोराने पुढे कधी विचारिले की ही खरोखर फडतऱ्यांचीच कन्या कशावरून, तर त्या समयी टेरेसवर जे हजर होते त्यांनी ती माइक धरून कैसी उभी होती ते पाहिले आहे, तितका पुरावा बस आहे.